उंबर फोडून पाहिलं तर

फार दिवसांनी कोणी दारात उभं राहिलं की आपण म्हणतो, "या, उंबराचं फूल!" खोडाला घोसच्या घोस लगडलेले असतात, झाडाखाली पिकल्या फळांचा राडा झालेला असतो, पण फूल कधी कोणाला दिसत नाही. ते रात्री गुपचूप उमलतं, अशीही एक समजूत आहे.

फुलं असतात, आणि शेकड्यांनी असतात. एखादं कोवळं उंबर उभं चिरून बघा. आतल्या पोकळीला चहूबाजूंनी दाटीवाटीनं चिकटलेले जे बारीक दाणे दिसतात, ती उंबराची फुलं. आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलांनी भरलेली, तोंड मिटलेली पिशवी आहे. तिथे वारा पोचत नाही, मधमाशीही शिरू शकत नाही. मग पराग आत जातात कसे?

ते काम केंबरं करतात. उंबर फोडल्यावर भुर्रकन उडणारी, "उंबर फोडून केंबरं उडवणं" या म्हणीतली तीच ती. हे किडे फळ नासल्यामुळे झालेले नसतात. हे गांधीलमाशीच्या गोतातले, दोनेक मिलिमीटर लांबीचे कीटक आहेत. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स हे त्यांचं भारदस्त नाव त्यांच्याहून लांब भरेल.

उंबर योग्य वयात आलं की विशिष्ट वास सोडतं. त्या वासावर मादी येते आणि फळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी, की तिचे पंख तिथेच तुटतात. आता परतीचा प्रश्नच नाही. आत यावेळी फक्त मादीफुलं तयार असतात. तिच्या छातीवर दोन चिमुकले खिसे असतात, त्यांत जन्मझाडावरून आणलेले पराग. ते ती पायांनी काढून फुलांवर ठेवते. अंगाला चुकून चिकटलेले पराग सांडले, असा हा प्रकार नाही. ती ते मुद्दाम भरून आणते, मुद्दाम ठेवते. काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडं पडलेल्या फुलात अळी वाढते, बाकीच्यांत बी धरतं. झाडानं बियांसाठी मोजलेली ही किंमत.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, नजरही नसल्यात जमा. अजून फुलातच अडकलेल्या माद्यांशी ते मीलन करतात, फळाच्या भिंतीतून बोगदा कोरतात आणि मरतात. बोगदा माद्यांसाठी. नेमकी याच सुमाराला त्या पिशवीतली नरफुलं परागानं भरलेली असतात. माद्या खिसे भरतात आणि निघतात. वेळेची ही जुळणी मला सगळ्यांत चक्रावून टाकते.

जिथे असा चोख व्यवहार, तिथे फुकटेही येणारच. काही परजीवी गांधीलमाश्या आत शिरतच नाहीत. बाहेरूनच फळात लांब सुई खुपसून अंडी घालतात. उंबरावरच्या अशाच एका माशीच्या सुईच्या टोकाला जस्ताची बळकटी असते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं.

ताटातल्या पुरंदरच्या अंजिराकडे मात्र संशयानं बघू नका. ते अंजीर परागाविना धरतं, त्याला केंबरं लागत नाहीत. तुर्कस्तानच्या स्मर्ना अंजिराचं तसं नाही. कॅलिफोर्नियात त्याची झाडं नेऊन लावली, ती वाढली, पण फळ काही टिकेना. १८९९ मध्ये त्याची माशी तिथे रुजली, तेव्हा कुठे अंजिरं हाती आली.

बाहेर पडलेल्या मादीपाशी एक-दोन दिवसच असतात. एका झाडावरची उंबरं बहुधा एकाच वेळी पिकत असल्यानं तिला दुसरं, नेमक्या वयातलं झाड गाठावं लागतं. ती उंच जाते आणि वाऱ्यावर स्वार होते. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्याच एका भाऊबंदाची केंबरं १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचं झाडांच्या जनुकांवरून सिद्ध झालं आहे. वाटेत वास लागला तर खाली उतरायचं, छिद्र शोधायचं आणि पंख टाकून आत शिरायचं.