नेपाळची संविधान सभा : प्रतिनिधित्वाचे गणित
नेपाळच्या २००७ च्या अंतरिम संविधानान्वये हंगामी सरकारला संविधान सभेची निवडणूक घ्यायची होती. संघराज्याच्या मागणीसह, लोकसंख्येच्या मानाने तराईला कमी जागा मिळतात, या तक्रारीवरून मधेशी आंदोलन पेटले आणि मतदारसंघांची फेररचना करावी लागली. अखेर ६०१ पैकी २४० जागा थेट लढतीने, ३३५ प्रमाणशीर पद्धतीने व २६ नामनियुक्तीने भरण्याचे ठरले. प्रमाणशीर यादीत निम्म्या महिला असणे बंधनकारक होते. दलित, जनजाती, मधेशी यांच्यासाठीही प्रमाण निश्चित होते. १० एप्रिल २००८ रोजी मतदान झाले. थेट लढतींत केवळ ३० महिला विजयी झाल्या, तर यादीतून तब्बल १६१ सभागृहात पोहोचल्या. मात्र यादीतील नेमके कोण सदस्य होणार, हे निकालानंतर पक्षनेतेच ठरवीत. मतदाराला त्यात वाव नव्हता.