स्टीलच्या रेझरची पारख

श्रावणातील भंडारदऱ्यात सकाळ उजाडते ती धुक्यातूनच. घाटघर आणि रतनवाडीकडून आलेले ढग आर्थर लेकच्या पाण्यावर टेकलेले असतात. मुक्कामाच्या खोलीत दोरीवर टाकलेला टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा ओलाव्यात स्नानगृहाच्या कोनाड्यात ठेवलेला रेझर आपली जात दाखवू लागतो. बहुतेक स्वस्त सेफ्टी रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि त्यांच्यावर क्रोमचा मुलामा असतो. मुलाम्याला बारीकशी चीर गेली, की आतील धातू झिजू लागतो, पांढरी भुकटी धरते, आटे बोथट होतात आणि एके दिवशी मूठ हातात व डोके बेसिनमध्ये अशी स्थिती होते. संपूर्ण स्टेनलेस स्टीलचा रेझर घ्यावा, हा विचार येतो तो येथूनच. मात्र अशा परदेशी रेझरसाठी हजारो रुपये मोजावे लागतात. ते मोजण्यापूर्वी त्यांच्या बदल्यात नेमके काय हाती येते, हे समजून घेणे हिताचे.

एकाच काळातील दोन वस्तू

अकोले तालुक्यात प्रवरेवर विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. सेफ्टी रेझर घरोघरी पोहोचला तोही साधारण याच काळात. किंग कॅम्प जिलेट यांचा बदलत्या पात्याचा रेझर १९०३ मध्ये बाजारात आला, १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात त्याचा समावेश झाला. तोवर दाढी म्हणजे वस्तरा, आणि वस्तरा म्हणजे सरावलेला हात. नव्या साधनाने पात्याची धार दोन धातूंच्या मध्ये बांधून ठेवली व नवख्याच्या हातीही दाढी सुरक्षित केली. त्या काळची पाती मात्र लवकर गंजत. विल्किन्सन सोर्डने १९६० च्या दशकाच्या आरंभी स्टेनलेस पाते रुळवले, तेव्हा ती अडचण दूर झाली. टोपाझ आणि ठाण्यात तयार झालेले सुपरमॅक्स ही नावे मराठी घरांतील आरशाशेजारी मग कायमची झाली.

चार रेझर, चार स्वभाव

आजच्या उंची स्टील रेझरांत जपानच्या फेदर कंपनीचा एएस-डी२ सर्वांत सौम्य मानला जातो. त्यात पात्याची धार त्वचेकडे अगदी थोडी उघडी राहते. नाजूक त्वचा, रोजची दाढी किंवा थरथरणारा वयस्क हात यांना तो मानवतो. आठवड्याची राठ दाढी उतरवताना मात्र त्याला दोन-तीन फेऱ्या जास्त लागतात.

कॅनडाच्या रॉकवेल ६एस मध्ये तीन पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टी उलटसुलट वापरता येत असल्याने सौम्य ते तीव्र अशा सहा पायऱ्या होतात. वडील व मुलगा यांना एकच रेझर आपापल्या पट्टीने आणि स्वतंत्र पात्याने वापरता येतो. आपल्याला काय मानवेल हे ठाऊक नसणाऱ्यासाठी ही निवड शहाणपणाची.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात ब्रश व रेझर घडवणाऱ्या म्युले या घराण्याचा रोक्का देखणा असून एका प्रकारात त्याच्या मुठीवर भूर्जवृक्षाची साल आहे. अमेरिकेचा ब्लॅकलँड ब्लॅकबर्ड मात्र दाट दाढीसाठी. तो पाते घट्ट धरतो, धार अधिक उघडी ठेवतो आणि कमी फेऱ्यांत काम संपवतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला घाईने जाऊ नये.

या चौघांतील फरक पात्याचे उघडेपण, त्याचा कोन आणि पकड यांत आहे. केस कापते ते पातेच, आणि ते काही रुपयांना मिळते. त्यामुळे रेझर महागडा म्हणून दाढी अधिक तुळतुळीत होत नाही. हाती येतो तो अचूक घडलेला, मुलाम्याविना टिकणारा धातू.

धातूचा हिशेब

स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरते. ओरखडा गेला तरी हवेतील प्राणवायूने तो पुन्हा जुळतो. मुलाम्याला हे साधत नाही. जाहिरातीत मिरवणाऱ्या ३१६ प्रतीत मोलिब्डेनम असते. खाऱ्या हवेशी झुंजताना त्याचा उपयोग होतो, म्हणून रत्नागिरी-मालवणच्या घरात या प्रतीला अर्थ आहे. भंडारदऱ्याच्या गोड्या ओलाव्याला साधी ३०४ प्रतही पुरते. पावसाळी मुक्कामात डोके उघडून झटकणे व कोरडे ठेवणे हे कोणत्याही प्रतीपेक्षा अधिक उपकारक. पाते मात्र टॉवेलने पुसू नये, कारण त्याने धारेवरील अतिसूक्ष्म लेप जातो.

पाण्याचाही वाटा असतो. डोंगरात नुकत्याच पडलेल्या पावसाचे पाणी हलके असल्याने साबणाला भरपूर फेस येतो. तोच साबण खालच्या पट्ट्यातील बोअरच्या जड पाण्यात हिरमुसतो. तेथे साबण थोडा अधिक घ्यावा, रेझरला दोष देऊ नये.

जोडीच्या वस्तू

उंची रेझरबरोबर ब्रश व साबणही घेतले जातात आणि तेथे सावध राहणे आवश्यक आहे. नावाजलेले अनेक ब्रश बॅजर या प्राण्याच्या किंवा डुकराच्या केसांचे असतात. कित्येक दाढीच्या साबणांत प्राण्याची चरबी असते. वेष्टनावरील घटकांत ‘टॅलो’ किंवा ‘सोडियम टॅलोवेट’ असे लिहिले असल्यास तो साबण चरबीचा समजावा. कृत्रिम तंतूंचे ब्रश आज तितकेच मऊ मिळतात, लवकर वाळतात आणि पावसाळ्यात कुबट होत नाहीत. दाढीनंतर ओली तुरटी फिरवली, की घरच्या कपाटातील एवढी एक वस्तू पुरेशी होते.

वापरलेले पाते

स्टील रेझरमुळे वापरून फेकायचे प्लास्टिक टळते. पात्याची जबाबदारी मात्र उरते. कागदात गुंडाळून केराच्या टोपलीत टाकलेले पाते दुसऱ्या दिवशी कचरा वेगळा करणाऱ्या उघड्या हातात लागते. तळ्याकाठच्या तंबूजवळ टाकलेले पाते गवताबरोबर गाईच्या तोंडात जाऊ शकते. उपाय सोपा आहे. पत्र्याच्या डबीच्या झाकणाला चीर पाडून ते घट्ट बंद करावे आणि पाती त्यात टाकत जावे. प्रवासात डबी सोबत न्यावी. ती भरली, की आत काय आहे हे सांगून भंगारवाल्याच्या हाती द्यावी.

आजोबांचा पितळी रेझर अजून घरात असेल, त्याचे आटे शाबूत असतील आणि त्वचेला तो मानवत असेल, तर नव्याची गरज नाही. त्यात नवे पाते बसवावे. तो नसेल, तर आपल्या त्वचेला साजेसा एकच स्टीलचा रेझर निवडावा. दर पावसाळ्यात कोरडा ठेवला, तर उद्या नातवालाही त्यात फक्त पातेच बदलावे लागेल.