निळी, लाल, जांभळी, करडी

सकाळी पावणेसातला लॅबचं शटर वर जातं, तेव्हा बाहेर दहा-बारा माणसं उभी असतात. लालबाग-काळाचौकीच्या चाळींमधले आजी-आजोबा फास्टिंगच्या रक्तासाठी लवकर येतात. चहा न घेता घरातून निघालेला माणूस फार वेळ थांबायला तयार नसतो. या रांगेच्या मागे पांढऱ्या एप्रनची घडी हातात धरून दोन-तीन कोवळी पोरं उभी असतात. ती माझी.

एचएससी व्होकेशनलला मेडिकल लॅब टेक्निशियनचा कोर्स घेतलेली मुलं ओजेटीसाठी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगसाठी, आमच्याकडे येतात. मीही याच वाटेने आलो. १९८८च्या सुमारास राज्यात हे कोर्स सुरू झाले, तेव्हा सगळे त्यांना एमसीव्हीसी म्हणत. १९८२च्या गिरणी संपानंतर बापाच्या जागेवर पोरगा गिरणीत लागेल ही आशा गिरणगावात उरली नव्हती. केईएम, वाडिया, टाटा ही इस्पितळं मात्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. आईने एवढंच विचारलं, "याने नोकरी लागेल ना?" मी हो म्हणालो, आणि ते खरं ठरलं.

नव्या मुलाला पहिले काही दिवस सुईला हात लावू देत नाही. आधी नाव विचारायला शिकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण "तुम्ही सावंतकाका ना?" असं विचारलं तर कमी ऐकू येणारे काका कुणाच्याही नावाला मान डोलावतात. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्या तोंडून ऐकायचं. पूर्ण नाव आणि वय ऐकून कागदाशी जुळवायचं. ट्यूबवरचं लेबल पेशंटसमोरच लिहायचं, आधी लिहून ठेवायचं नाही. चुकीच्या नावाचा अचूक रिपोर्ट हा चुकीच्या रिपोर्टपेक्षा वाईट, कारण त्यावर कुणाला शंकाच येत नाही.

मग रबरी हातावर सराव. तो पुरेसा झाला, की माझ्या शेजारी उभं राहून, पेशंटला विचारून, पहिलं कलेक्शन. यंदाच्या एका मुलीचा तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. खुर्चीत सत्तरीच्या आजी होत्या. मी म्हटलं, "आजी, ही शिकतेय, मी इथेच आहे. चालेल ना?" आजींनी बाही वर केली. "घे बाळा. माझी शीर सापडत नाही म्हणतात सगळे."

मुलगी कोपरात नुसती बघत राहिली. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने शोधायची असते. तिने डोळे जवळजवळ मिटले आणि तर्जनी हळूहळू फिरवली. एका जागी बोट थांबलं, दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. शिरेला दाबल्यावर एक लवचीक उसळी असते. शिरेसारख्याच दिसणाऱ्या कंडरेला ती नसते. "सर, आहे," ती म्हणाली. दंडावरचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवायचा नाही, म्हणून तो सोडला, स्पिरिट लावलं, वाळू दिलं, पट्टा पुन्हा बांधला. सुईचं तोंड वर, तिरकी, एका दमात आत. ट्यूबमध्ये रक्त आलं तेव्हा आजींच्या आधी तिनेच श्वास सोडला.

तेवढ्यात ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली : निळी, लाल, जांभळी, करडी. ट्यूब भरायचा हा क्रम. सगळी मुलं तो पाढ्यासारखा पाठ करतात, पण त्यामागचं कारण कळलं तरच तो टिकतो. निळीत सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणून ती रेघेपर्यंत भरायलाच हवी, नाहीतर रक्त गोठण्याची तपासणी फसते. जांभळीत पोटॅशियमचं ईडीटीए असतं. जांभळी आधी भरली आणि त्याचा अंश लालमध्ये गेला, तर रिपोर्टात पोटॅशियम चढलेलं आणि कॅल्शियम उतरलेलं दिसतं. माणूस ठणठणीत असतो, आणि कागद बघून घरचे त्याला इस्पितळात नेतात. भरलेली ट्यूब हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, खळखळवायची नाही. खळखळवली की पेशी फुटतात, आणि पुन्हा तेच खोटं पोटॅशियम.

हे सगळं वर्गात सांगता येतं, पण हातात उतरतं ते खुर्चीसमोरच. म्हणूनच, काही ठिकाणी ओजेटीच्या मुलांना फायली पोचवायला आणि झेरॉक्स काढायला ठेवतात ते मला सहन होत नाही. लॉगबुकात तास भरतात, सही होते, आणि मुलाचा हात रिकामाच राहतो. पुढचं शिक्षण घ्यायचं आहे हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यात किमान दोन हजार तासांच्या, दोन ते चार वर्षांच्या डिप्लोमा किंवा पदवीची अट आहे. बारावीचं प्रमाणपत्र ही सुरुवात आहे.

आता एक जुनी गोष्ट. मी सतरा वर्षांचा असताना, एका लॅबमध्ये, वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवताना ती माझ्या अंगठ्यात घुसली. तेव्हा टोपण बसवायचीच पद्धत होती. "धुऊन टाक, काही होत नाही," एवढं बोलून वरिष्ठ पुढच्या पेशंटकडे वळले. हिपॅटायटिस बीची लस मी घेतलेली नव्हती, तिचं नावही कुणी काढलं नव्हतं. पुढचे सहा महिने स्वतःचं रक्त तपासायला देताना माझे हात थरथरत. घरी कुणाला सांगितलं नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आले, हे माझं नशीब.

आज माझ्याकडे सुईला टोपण परत लागत नाही. ती थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जाते. टोचलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, आणि त्याच मिनिटाला मला सांगायचं, कारण एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं लवकरात लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत तर असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायला सांगितलं आहे. शिकाऊ मुलगा त्यातच आला. तरी दरवर्षी निम्म्याहून जास्त मुलं माझ्याकडे लस न घेता येतात. आणि शेजारच्याच परळात १८९९ साली प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनांची प्रयोगशाळा उघडली होती. त्या माणसाने १० जानेवारी १८९७ला आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. जुलैत प्रवेश घेताना पहिला दिला, तर तिसरा जानेवारीत होतो. ओजेटीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून ते जमत नाही. म्हणून प्राचार्यांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की एप्रनच्या मापाआधी मुलाचं लसीचं कार्ड बघा, नसेल तर त्याच आठवड्यात पहिला डोस द्या. ज्याचं कार्ड पूर्ण नाही, तो माझ्याकडे नावं विचारतो, लेबलं लिहितो, पण त्याच्या हातात मी सुई देत नाही.