अडीच लाख खड्डे आणि एक अडचण

दक्षिण ऑस्ट्रेलियात ग्लेंडाम्बो नावाची एक वस्ती आहे. तिच्या वेशीवरच्या पाटीवर शिरगणती दिली आहे ती अशी: मेंढ्या २२,५००, माश्या अंदाजे २०,००,०००, माणसं ३०. भागाकार करायची खोड असलेल्यांसाठी सांगतो, माणशी ६६ हजारांहून जास्त माश्या. येणारा-जाणारा थांबतो, हसतो, फोटो काढतो. आल्या-गेल्याच्या सर्वांत जास्त उपयोगाचा आकडा मात्र त्या पाटीवर नाही. पुढचं शौचालय किती लांब आहे?

इथून उत्तरेला पुढचं गाव कूबर पेडी, सुमारे २५० किलोमीटरवर. म्हणजे पुण्याहून निघून कोल्हापूर ओलांडायचं आणि वाटेत एकही पेट्रोल पंप, टपरी, धाबा, एसटी स्टँड, काहीही लागणार नाही. रस्ता उत्तम आहे. स्टुअर्ट महामार्ग, पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, एकूण सुमारे २,७०० किलोमीटर. अधूनमधून गाडी बाजूला घेऊन विसावा घ्यायच्या जागा केलेल्या आहेत, पण विसाव्याच्या प्रत्येक जागी शौचालय असेलच असं नाही. ताशी ११० किलोमीटर ही वेगमर्यादा काटेकोर पाळली तरी हे अंतर कापायला सव्वादोन तास लागतात.

सव्वादोन तास म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. त्यासाठी मूत्राशयाचा हिशेब बघावा लागतो. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं, पण दीडशे-दोनशेला पहिली सूचना येते. दिवसभराची एकूण आवक एक ते दोन लिटर. हे झालं घरी बसल्याचं. वाळवंटात प्रत्येक जण बजावत असतो, पाणी प्या, भरपूर प्या. ते बरोबरच आहे, उन्हात चालणाऱ्याचं बरंचसं पाणी घामावाटे जातं. पण आपण बसलेलो असतो एसी लावलेल्या गाडीत. घाम येत नाही आणि बाटली तर रिकामी होत असते. मूत्रपिंडं मनावर घेतात तेव्हा तासाला ८०० मिलिलिटरपर्यंत पाणी बाहेर टाकू शकतात. निघताना रोडहाऊसवर मोठा कप कॉफी आणि वर अर्धा लिटर पाणी घेतलेल्या माणसाला रस्ता कुठे गाठणार, हे कागदावर आधीच मांडता येतं: साधारण शंभराव्या किलोमीटरच्या आसपास. मागे शंभर, पुढे दीडशे.

आणि हे सगळं कशासाठी, तर २१ सेकंदांसाठी. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की तीन किलोंहून जड असलेल्या सस्तन प्राण्यांना मूत्राशय रिकामं करायला सरासरी २१ सेकंद लागतात, काही सेकंद इकडे-तिकडे. कुत्रा असो, माणूस असो की १८ लिटरचं मूत्राशय बाळगणारा हत्ती. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल पुरस्कारही मिळाला. ग्लेंडाम्बो ते कूबर पेडी हा प्रवास साधारण ८,२०० सेकंदांचा. त्यातले २१ सेकंद हवेत, बस्स. सुमारे चारशेत एक वाटा.

मग उतरावं की खाली, एवढं मोकळं रान आहे! इथेच खरी मेख आहे. मोकळं आहे, पण आडोसा नाही.

सपाट जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. म्हणजे आपल्याभोवती सुमारे ६४ चौरस किलोमीटरचं वर्तुळ नजरेच्या टप्प्यात येतं. सह्याद्रीत ६४ चौरस किलोमीटरमध्ये गावं मावतील, दऱ्या मावतील, करवंदीच्या जाळ्या तर किती सांगाव्यात. कूबर पेडीच्या अलीकडच्या माळावर त्याच क्षेत्रात गुडघ्याएवढी खुरटी झुडपं असतात, तीही विरळ. आपल्याला चारी बाजूंचं दिसतं आणि चारी बाजूंनी आपण दिसतो. समोरून येणारी रोड ट्रेन, म्हणजे एका इंजिनाला तीन-तीन ट्रेलर जोडलेला, ५३ मीटरपर्यंत लांबीचा ट्रक, त्याचा चालक तर आपल्याहून कितीतरी उंचावर बसलेला असतो. अनुभवी मंडळींची युक्ती अशी की गाडी डाव्या कडेला घ्यायची, डावीकडची पुढची आणि मागची अशी दोन्ही दारं सताड उघडायची आणि मधल्या चौकोनात काय ते आटपायचं. तिथेही आपल्यासारखी डावीकडूनच वाहतूक, त्यामुळे ही भिंत बरोबर रस्त्याच्या उलट बाजूला पडते. पुरुषांचं एकवेळ पाठ फिरवून भागतं. या युक्तीची गरज कोणाला पडते ते सांगायला नको. वर माश्या आहेतच, वीस लाख.

थोडं लांब चालत जावं म्हटलं तर कायदा आडवा येतो. हा महामार्ग बराच पल्ला वूमेरा प्रतिबंधित क्षेत्रातून जातो. १९४७ साली अस्त्रचाचण्यांसाठी राखलेला हा मुलूख आजही सुमारे १,२२,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा जवळजवळ चाळीस टक्के भाग. रस्ता वापरायला हरकत नाही, पण रस्ता सोडून आत शिरायला परवाना लागतो, आणि तशा पाट्या लावलेल्या आहेत. डिसेंबर २०२० मध्ये जपानच्या हायाबुसा-२ यानाने र्‍यूगू लघुग्रहावरून आणलेली पाच-साडेपाच ग्रॅम माती याच क्षेत्रात उतरवली. तिच्यासाठी परवानगी काढलेली होती. आपल्या अर्ध्या लिटरसाठी कोणी काढत नाही.

कूबर पेडी जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरट मातीचे ढीग दिसू लागतात, हजारो. प्रत्येक ढिगाशेजारी एक भोक. १ फेब्रुवारी १९१५ रोजी विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल हे रत्न सापडलं. वडिलांबरोबर तो ज्या टोळीतून आला होता ती सोनं शोधत होती, आणि सोन्याहूनही जास्त निकड होती पाण्याची. तेव्हापासून शंभरेक वर्षं माणसं इथे जमीन पोखरताहेत. खाणींच्या उभ्या भोकांची संख्या अडीच लाखांवर असावी, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास. म्हणजे माणशी दीडशेहून अधिक खड्डे! ओपलचं क्षेत्र सुमारे ५,००० चौरस किलोमीटर धरलं तर दर चौरस किलोमीटरला पन्नास. अर्थात ते असे समान पसरलेले नाहीत. काही ठिकाणी दहा पावलांवर दुसरा खड्डा. मीटरभर रुंद, कित्येक वीस-तीस मीटर खोल, काठाला कठडा नाही, आणि खोदून झाल्यावर बुजवायची पद्धत नाही. पाट्यांवर चित्रं काढून बजावलंय की पळू नका आणि उलटं चालू नका. उलटं चालण्याची सूचना फोटो काढणाऱ्यांसाठी आहे असं म्हणतात. रस्त्यावरून आपण दिसत नाही ना, हे बघत बघत मागे सरकणाऱ्या माणसालाही ती तितकीच लागू आहे. रात्री तर विचारच नको. जगात इतके खड्डे दुसऱ्या कुठल्या गावाने खणले असतील असं वाटत नाही, आणि त्यातला एकही आपल्या कामाचा नाही.

गावातली निम्म्याहून अधिक माणसं जमिनीच्या पोटात राहतात. डोंगराच्या कुशीत कोरलेल्या घरांत बाहेर चाळीस-पंचेचाळीस अंश असले तरी आत चोवीस-पंचवीस. मोरी आणि संडास मात्र बहुधा दाराच्या जवळ, दर्शनी भागात असतात. खडकाच्या आत खोलवर पाणी आणणं एकवेळ जमेल, ते उतारावरून बाहेर काढणं अवघड.

मुळात पाणीच कुठलं? वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गावापासून सुमारे २४ किलोमीटरवरच्या खोल विंधन विहिरीतून खारं पाणी उपसायचं, नळाने आणायचं, रिव्हर्स ऑस्मोसिसने गोडं करायचं आणि मग टाकीत भरून साखळी ओढायची. आता साखळी नाही, दोन बटणं आहेत. ही दोन बटणंही ऑस्ट्रेलियाचीच देणगी. कारोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० साली ती आणली, मोठ्या कामाला अकरा लिटर आणि छोट्याला साडेपाच. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावात चाचणी झाली तेव्हा घरटी वर्षाला ३२,००० लिटर पाणी वाचलं. पुढे भांड्याचा आकारच बदलून हे आकडे साडेचार आणि तीनवर आणले गेले. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आपण रोज दाबतो ती बटणं त्याच घराण्यातली. त्यातलं लहान कोणतं आणि मोठं कोणतं यावर आपल्याकडे अजून एकमत नाही, ते सोडा.

पूर्वी ही भानगड नव्हती. घराच्या मागे पत्र्याची खोली, आत खोल खड्डा, वर लाकडी फळी. फळीच्या खाली लाल पाठीची विषारी कोळीण. तिच्या चाव्यांच्या जुन्या नोंदींमध्ये पुरुषांच्या नाजूक जागेवरचे चावे इतके का असत, याचं उत्तर त्या फळीत आहे. प्रतिविष आलं १९५६ मध्ये.

आता सरकारने मांडलेला पसारा. २००१ पासून ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय सार्वजनिक शौचालय नकाशा आहे. मूत्रावर ताबा न राहण्याच्या आजारासाठी आखलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून तो निघाला. त्यात २३ हजारांहून अधिक शौचालयं नोंदलेली आहेत: उघडण्याच्या वेळा, चाकाची खुर्ची आत जाते का, बाळाचं लंगोट बदलायची सोय, अंघोळीची सोय. हा आकडा भरघोस वाटतो. पण देश आहे सुमारे ७६ लाख ९० हजार चौरस किलोमीटरचा. सरासरी काढली तर ३३४ चौरस किलोमीटरला एक. या हिशेबाने अख्ख्या मुंबईच्या वाट्याला दोनसुद्धा येणार नाहीत. शिवाय यातली बहुतेक किनाऱ्यावरच्या शहरांत आहेत, कारण माणसंही तिथेच आहेत. आतल्या भागाची सरासरी काढायला बसलं की पोटात गोळा येतो. तरीही हा नकाशा मला मोठ्या मनाचं काम वाटतं. सिडनी-मेलबर्नला मुलाकडे गेलेले आणि तिथून उलुरूचा खडक बघायला रस्त्याने निघालेले आपल्याकडचे साठी-पासष्टीचे आई-बाबा असतात. एकाला मधुमेह, दुसऱ्याला प्रोस्टेट. त्यांनी हा नकाशा आधी उतरवून घ्यावा, वाटेत मोबाइलला रेंज मिळत नाही.

शहाणे लोक शौचालय बरोबरच घेऊन फिरतात. ऑस्ट्रेलियात आठ लाखांहून अधिक कॅरावान आणि राहत्या गाड्या नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या ज्यांत शौचालय असतं, त्याच्या खालची काढता येणारी टाकी साधारण १७ ते २० लिटरची, म्हणजे बरोबर एक हत्ती. जोडप्याला तीन-चार दिवस पुरते. मग ती रिकामी करायची अधिकृत जागा शोधा, हा नवा शोध सुरू. नकाशात त्या जागाही दाखवल्या आहेत.

या सगळ्याचा कळस बघायचा तर क्वीन्सलंडच्या टोकाला बर्ड्सव्हिलला जावं. ज्या डायमंटिना तालुक्यात हे गाव येतं त्याचं क्षेत्रफळ सुमारे ९५,००० चौरस किलोमीटर, लोकसंख्या तीनशेच्या आत. एका गोव्याएवढ्या जागेत बारासुद्धा माणसं नाहीत. गावात शंभर-सव्वाशे. १९७२ च्या डिसेंबरात इथे ४९.५ अंशांची नोंद झाली. इथलं पाणी येतं ग्रेट आर्टेशियन बेसिन या भूगर्भातल्या साठ्यातून, बाराशे मीटरहून खोल विहिरीतून, आणि वर येतं तेव्हा ९८ अंश तापलेलं असतं. आधी ते थंड करावं लागतं. हा साठा १७ लाख चौरस किलोमीटरवर, देशाच्या बावीस टक्के भूभागाखाली पसरलेला आहे. पूर्वेच्या डोंगरांवर पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि वर्षाला एक ते पाच मीटर या चालीने खडकातून सरकत राहतो. काही भागांतलं पाणी वीस लाख वर्षांपर्यंत जुनं आहे. तो पाऊस पडला तेव्हा आपली जात पृथ्वीवर नव्हती. आपण लहान बटण दाबतो, तीन लिटर.

याच गावात १८८२ पासून घोड्यांच्या शर्यती होतात, अलीकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला, दोन दिवस. तेव्हा इथे सहा-सात हजार माणसं जमतात. सहा हजार धरू. माणशी दिवसाला सहा खेपा म्हटल्या तर छत्तीस हजार खेपा, बिअरचा हिशेब न धरता. खेपेला तीन मिनिटं धरली तर एक शौचालय चोवीस तास अखंड चालून ४८० खेपांची सोय करेल. म्हणजे किमान ७५ शौचालयं रात्रंदिवस, एक मिनिटही मोकळी न राहता चालायला हवीत. सगळे पाहुणे एकाच वेळी जेवतात, एकाच शर्यतीनंतर उठतात, हे लक्षात घेतलं तर आकडा दुप्पट-तिप्पट. प्रत्येक खेपेला तीन लिटर पाणी सोडलं तर दिवसाला एक लाख आठ हजार लिटर, तेही वाळवंटात, शंभर माणसांच्या गावात. साहजिकच तिथे बाहेरून आणलेल्या फिरत्या शौचालयांवर भिस्त ठेवावी लागते.

२०१० साली मात्र नेमका शर्यतींच्या तोंडावर वाळवंटात धो-धो पाऊस झाला. मैदानाचा चिखल झाला, शर्यती रद्द झाल्या, मातीचे रस्ते बंद झाले आणि आधीच येऊन पोचलेली हजारो मंडळी गावात अडकून पडली. वरचा हिशेब दोनच दिवस चालवायचा होता.