कुत्र्यांवरील गोचीड व पिसवा

उन्हाळ्यात राखणीच्या कुत्र्यांना गोचीड व पिसवांचा उपद्रव वाढतो. गोचीड रक्त शोषतात व प्राणघातक तापाचा प्रसार करतात. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याचे अंग सोडून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. पिसवांची अंडीही अंथरुणात गळतात. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची जागाही स्वच्छ करावी.

कान, मान व बोटांमधील बेचके रोज तपासावीत. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनी चिरडू नये. भिंतीच्या फटी बुजवाव्यात व अंथरुणाचे गोणपाट उकळत्या पाण्यात धुवावे. पिकांवरील कीटकनाशक कुत्र्यास कदापि लावू नये. अंग चाटल्याने विषबाधा होते. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. कुत्रा मलूल झाल्यास किंवा त्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्यास त्यास त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.