जळतं नेमकं काय?

समईत वात जळते, मेणबत्तीत मेण जळतं, चुलीत लाकूड जळतं असं आपण सहज म्हणतो. आगीबद्दलचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात. ज्योतीत जळतो तो वायू. मेण असो, तेल असो की लाकूड, ते तापून त्यातून वायू निघतो, हवेतल्या ऑक्सिजनमध्ये मिसळतो आणि मग पेट घेतो. वातीचं मुख्य काम तेल वर खेचून टोकाशी आणण्याचं.

याचा पुरावा घरीच मिळतो. मेणबत्ती फुंकली की वातीतून पांढरट धुराची रेघ निघते. पेटती काडी त्या रेघेत, वातीपासून बोटभर वर धरा. ज्योत रेघेवरून सरसर खाली येते आणि वात पुन्हा पेटते. कारण तो धूर म्हणजे निवू लागलेली मेणाची वाफच असते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यात हा प्रयोग होता.

शाळेतला एक प्रयोग मात्र अजूनही चुकीच्या कारणासह शिकवला जातो. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर पालथा काचेचा ग्लास. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, म्हणून पाणीही तेवढंच चढलं,’ असं सांगितलं जातं. ऐकायला चोख, पण खरं नाही. ऑक्सिजन जळून नाहीसा होत नाही, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. शिवाय ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. ज्योतीला पुरेल इतका नसतो, एवढंच. पाणी चढतं ते प्रामुख्याने तापलेली हवा निवून आकसते म्हणून. नीट लक्ष द्या: ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर झपाट्याने वर येतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर आणखी वर चढतं. ग्लास तोच, आतला ऑक्सिजन तेवढाच, मग पाणी जास्त का? तीन ज्योतींनी हवा जास्त तापवलेली असते म्हणून. एवढा सोपा पडताळा हाताशी असताना मुलांना चुकीचं कारण पाठ करायला लावणं मला खटकतं.

रंगाबद्दलही असंच. पिवळ्यापेक्षा निळी ज्योत गरम, हे गॅसच्या शेगडीपुरतं बरोबर आहे. पण तो निळा रंग तापमानाचा नव्हे. केवळ उष्णतेने एखादी वस्तू निळी दिसायची तर ती सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही, म्हणजे सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसपेक्षा, जास्त तापायला हवी. शेगडीची ज्योत २,००० अंशांच्याही आत असते. तिचा निळा प्रकाश ज्वलनात क्षणभर तयार होणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा. पिवळा प्रकाश मात्र खरोखर उष्णतेचा आहे: तो तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा. समईच्या ज्योतीवर तांब्याची वाटी धरून काजळ धरतात, ते हेच कण. म्हणून शेगडी पिवळी जळू लागली आणि भांडी काळी पडू लागली तर गॅसला हवा कमी मिळते आहे. बर्नर साफ करून घ्या, कारण अर्धवट ज्वलनातून विषारी कार्बन मोनॉक्साइडही निघतो.

‘पाण्याने आग विझते’ हा समज स्वयंपाकघरात जिवावर बेतू शकतो. कढईतलं तेल पेटलं तर त्यावर पाणी अजिबात ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ! ती पेटतं तेल थेंबाथेंबाने छतापर्यंत उडवते. गॅस बंद करावा, कढईवर घट्ट झाकण किंवा मोठी थाळी सरकवावी, कढई उचलू नये आणि पूर्ण निवेपर्यंत झाकण काढू नये.

राहिला सिलिंडर. आग नळीतून आत शिरते आणि सिलिंडर फुटतो, अशी भीती अनेकांना वाटते. आत द्रवरूप गॅस आणि त्याची वाफ असते, हवा नसते. त्यामुळे आत काही जळूच शकत नाही. सिलिंडर बाहेरच्या आगीत सापडून तापला तर आतला दाब वाढून तो फुटू शकतो, हे खरं. पण घरातले बरेच स्फोट सिलिंडरचे नसून खोलीत साचलेल्या गॅसचे असतात. हवेत साधारण २ ते ९ टक्के गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरतो. वास आला की रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात. दिवा किंवा पंखा चालू असेल तर चालू राहू द्यावा, बंद असेल तर बंदच. बटणातली ठिणगीही पुरेशी असते. मग घराबाहेर पडून १९०६ या क्रमांकावर फोन करावा.