ग्युसिंगची गोष्ट

युरोप खंडात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. त्याच्या पूर्व भागात, हंगेरीच्या सरहद्दीजवळ, ग्युसिंग हे एक लहानसे शहर आहे. वस्ती सुमारे चार हजार. शहरात एक टेकडी आहे. ही टेकडी म्हणजे पूर्वीचा एक ज्वालामुखी. तो कधीच थंड झाला आहे. टेकडीवर बाराव्या शतकात बांधलेला किल्ला आजही उभा आहे.

किल्ला सुंदर होता, पण लोक गरीब होते. मोठे कारखाने नव्हते. तरुण माणसे कामासाठी व्हिएन्नासारख्या दूरच्या शहरात जात आणि आठवड्यातून एकदा घरी येत. शिवाय तेल आणि वीज बाहेरून विकत घ्यावी लागे. अशा रीतीने माणसेही बाहेर जात आणि पैसाही!

यावर उपाय काय? आजूबाजूला तर भरपूर जंगल होते. १९९० साली नगरपालिकेने ठरवले, की तेल व कोळसा सोडून जवळचेच इंधन वापरायचे. आधी सरकारी इमारतींमधील ऊर्जेची उधळपट्टी थांबवली. त्यामुळे खर्च जवळजवळ निम्मा झाला. मग १९९६ साली लाकडावर पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांनी घरोघरी पोचवले. थंडीत घरे उबदार राहू लागली.

२००१ साली एक नवे वीजकेंद्र सुरू झाले. त्यात लाकडाचे तुकडे नुसते जाळत नसत. तापलेल्या वाफेच्या साहाय्याने त्यांचा वायू बनवीत. त्या वायूवर इंजिन चाले, इंजिनामुळे वीज तयार होई आणि उरलेल्या उष्णतेने पाणी तापे. स्वस्त उष्णता मिळते म्हणून लाकडी फरशी तयार करणारे कारखाने तेथे आले. लोकांना गावातच रोजगार मिळाला. देशोदेशींचे पाहुणे हे काम पाहायला येऊ लागले.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. पुढे लाकूड महागले आणि विजेला मिळणारा वाढीव भावही संपला. खर्च परवडेना. २०१६ साली ते वीजकेंद्र बंद पडले.

मग सारी मेहनत वाया गेली का? तुम्हीच विचार करा. लाकडापासून असा वायू बनवून वीज निर्माण करता येते, हे त्या केंद्राने पंधरा वर्षे चालून दाखवले. मात्र यंत्र चांगले असून भागत नाही. त्याचा जमाखर्चही जुळावा लागतो. ग्युसिंगचे यश आणि अपयश, दोन्ही आपल्याला काही शिकवतात.